हेन्री क्ले आणि पंधराशे डॉलरचे वादळ

लोकप्रतिनिधींनी आपल्याच वेतनवाढीचे विधेयक मांडावे, आपणच ते मंजूर करावे आणि पुढच्या निवडणुकीत त्याच मतदारांपुढे हात जोडून उभे राहावे, हे दृश्य लोकशाही देशांत वारंवार दिसते. बहुतेक वेळा चार दिवस ओरड होते आणि लोक विसरून जातात. अमेरिकेत १८१६ साली मात्र लोक विसरले नाहीत. वर्षाला पंधराशे डॉलर वेतन ठरवणाऱ्या एका कायद्यामुळे अमेरिकी संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, कनिष्ठ सभागृहातील जवळजवळ दोनतृतीयांश सदस्य पुन्हा परतले नाहीत. जे थोडे तरले त्यांत प्रतिनिधिगृहाचे सभापती हेन्री क्ले होते. तेही काठावर आले ते दमछाक होऊनच.

क्ले यांचे नाव इतिहासात टिकले ते निराळ्या कारणांनी. दुभंगू पाहणारा देश त्यांनी तीनदा तडजोडीने सावरला आणि तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक हरले, एवढे त्यांच्याविषयी बहुतेकांना ठाऊक असते. पंधराशे डॉलरचे प्रकरण चरित्रकार दोनचार पानांत उरकतात. वास्तविक, लोकप्रतिनिधी आणि त्याचा मतदार यांच्यात पैशावरून जे उघड आणि छुपे व्यवहार चालतात, ते समजून घ्यायला क्ले यांच्या आयुष्यासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

हेन्री क्ले यांचा जन्म १२ एप्रिल १७७७ रोजी व्हर्जिनियातील हॅनोव्हर परगण्यात झाला. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. हेन्री चार वर्षांचे असतानाच ते वारले. आईने पुढे दुसरा विवाह केला. घरची स्थिती अगदी हलाखीची नव्हती, परंतु शिक्षणावर खर्च करण्याइतकी बरीही नव्हती. निवडणुकीच्या काळात समर्थकांनी त्यांची प्रतिमा रंगवली ती घोड्यावर धान्याची गोणी टाकून गिरणीवर जाणाऱ्या गरीब पोराची. त्यात थोडी अतिशयोक्ती होती. रिचमंडमधील एका दुकानात काही काळ काम केल्यावर या मुलाला न्यायालयाच्या कचेरीत लेखनिकाची जागा मिळाली आणि तिथे नशीब उघडले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे, थॉमस जेफरसन यांचे कायद्यातील गुरू जॉर्ज विथ यांचा हात थरथरत असे. त्यांना सांगितलेले उतरवून घेणारा कोणीतरी हवा होता. सुंदर अक्षराच्या हेन्रीची त्यांनी निवड केली. चार वर्षे विथ यांच्या सहवासात पुस्तके, कायदा आणि बोलण्याची रीत असे सारे मिळाले.

१७९७ साली वकिलीची सनद मिळताच क्ले यांनी केंटकीतील लेक्झिंग्टन गाठले. केंटकी तेव्हा पश्चिमेचा नवा मुलूख होता. जमिनीच्या मालकीचे एवढे गुंते होते की वकिलाला कामाची वाण नव्हती. १७९९ मध्ये ल्युक्रेशिया हार्ट या सधन व्यापाऱ्याच्या मुलीशी विवाह झाला. अॅशलँड नावाची शेतवाडी उभी राहिली, तागासारख्या वाखाची लागवड सुरू झाली, घोडे आले, गुलामही आले. अकरा मुले झाली. सहाच्या सहा मुली आईवडिलांच्या डोळ्यांदेखत गेल्या.

राजकारणातील चढण वेगाने झाली. १८०३ मध्ये राज्याच्या विधिमंडळात, १८०६ मध्ये थेट सिनेटमध्ये. तेव्हा सिनेटसाठी राज्यघटनेने घातलेली तीस वर्षांची अटही त्यांनी पूर्ण केलेली नव्हती आणि कोणी ते विचारलेही नाही. मधल्या काळात राज्याच्या विधिमंडळात त्यांनी एक ठराव मांडला होता. सदस्यांनी परदेशी कापड सोडून देशी कापडच वापरावे, असा. आपल्याकडील स्वदेशीच्या चळवळीच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. विरोध करणारे हम्फ्री मार्शल आणि क्ले यांच्यात त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि जानेवारी १८०९ मध्ये दोघांचे पिस्तुलांचे द्वंद्व झाले. क्ले यांच्या मांडीला गोळी लागली. नोव्हेंबर १८११ मध्ये ते प्रतिनिधिगृहात आले आणि सदस्यत्वाच्या पहिल्याच दिवशी सभापती झाले. वय चौतीस. ब्रिटनशी युद्ध व्हावे म्हणून आग्रह धरणाऱ्या तरुण सदस्यांचे ते म्होरके होते. १८१२ मध्ये युद्ध झालेही. ते संपवणारा तह २४ डिसेंबर १८१४ रोजी बेल्जियममधील घेंट येथे झाला, त्या वाटाघाटींतही ते होते. परत येताच पुन्हा सभापतिपद चालून आले. १८१६ साल उजाडले तेव्हा त्यांचा दबदबा असा होता.

आता त्या कायद्याकडे वळू. १७८९ पासून काँग्रेसच्या सदस्याला अधिवेशनाच्या प्रत्येक दिवसाचे सहा डॉलर मिळत. सभापतीला दुप्पट, म्हणजे बारा. प्रवासखर्च वेगळा. अधिवेशन नसेल त्या दिवसांचे काहीच नाही. मधल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांत महागाई वाढली होती. १८१४ मध्ये इंग्रजी सैन्याने वॉशिंग्टन जाळल्यानंतर तर राजधानीत राहणे जिकिरीचे झाले होते. खुद्द काँग्रेस भाड्याच्या विटांच्या इमारतीत भरत होती. सदस्य खाणावळींत, एका खोलीत दोघेतिघे असे राहत. मार्च १८१६ च्या पहिल्या आठवड्यात केंटकीचेच रिचर्ड जॉन्सन यांनी प्रस्ताव मांडला, की रोजचा भत्ता बंद करून वर्षाला पंधराशे डॉलर वेतन द्यावे. युक्तिवाद असा होता, की रोजंदारीमुळे अधिवेशने रेंगाळतात, ठोक वेतन असेल तर सदस्य कामे झटपट उरकतील. दुसराही एक मुद्दा होता. सरकारी कचेऱ्यांतील अनेक कारकुनांना काँग्रेसच्या सदस्यांहून अधिक पगार मिळतो, हे कसे?

हा दुसरा मुद्दा वाचताना आपल्याकडील २०१० साल आठवल्यावाचून राहत नाही. केंद्र सरकारच्या सचिवांना ८०,००० रुपये वेतन आहे, तेव्हा खासदारांना त्याहून एक रुपया अधिक, म्हणजे ८०,००१ रुपये मिळावेत, अशी शिफारस तेव्हा संसदीय समितीने केली होती. अखेर वेतन १६,००० वरून ५०,००० वर गेले. आपल्या राज्यघटनेच्या १०६ व्या अनुच्छेदानेही वेतन ठरवण्याचा अधिकार संसदेलाच दिला आहे. त्यामुळे वाढीचा प्रश्न आला की घेणारा आणि देणारा एकच, ही अडचण आपल्याकडेही होतीच. २०१८ मध्ये खासदारांचे वेतन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार वाढेल अशी तरतूद झाली, तेव्हा ती निदान मतदानापुरती मागे पडली.

जॉन्सन यांच्या विधेयकाला प्रतिनिधिगृहात ८१ विरुद्ध ६७ मते पडली. सिनेटनेही ते मंजूर केले आणि १९ मार्च १८१६ रोजी अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी सही केली. दोनेक आठवड्यांत सारे आटोपले. सभापतीचे वेतन तीन हजार डॉलर ठरले. कायद्याच्या नावात वाढ हा शब्दच नव्हता. मोबदल्याची पद्धत बदलण्याचा कायदा, असे त्याचे सोज्वळ नाव होते. मतदारांनी मात्र साधा हिशेब केला. त्या काँग्रेसची दोन्ही अधिवेशने मिळून सुमारे २४० दिवस भरली. रोज सहा डॉलरप्रमाणे दोन वर्षांचे साधारण साडेचौदाशे डॉलर होतात. नव्या कायद्याप्रमाणे तीन हजार. शिवाय हे वेतन चालू काँग्रेसलाच, तेही मागील तारखेपासून लागू होते. पुढच्या सभागृहासाठी तरतूद करून हे लोक मतदारांपुढे गेले असते, तर कदाचित एवढा भडका उडाला नसता.

सभापतींच्या आसनावरून उतरून क्ले यांनी चर्चेत विधेयकाची पाठराखण केली होती. त्यांचे म्हणणे प्रामाणिक होते. सभापती म्हणून इतरांच्या दुप्पट भत्ता मिळूनही अधिवेशन संपताना जमाखर्चाची तोंडमिळवणी आपल्याला कधी जमली नाही, असे त्यांनी सभागृहात सांगितले. दीर्घकाळ लोकसेवा केलेला माणूस त्या सेवेपायी कंगाल होऊ नये, इतपत तरी मोबदला असावा, असा त्यांचा आग्रह होता. यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण हे बोलणारा माणूस अॅशलँडचा जमीनदार, नामांकित वकील आणि पत्त्यांच्या डावात मोठ्या रकमा लावण्याबद्दल प्रसिद्ध होता. दिवसाला एक डॉलरही हाती न पडणाऱ्या शेतकऱ्याला त्याची तोंडमिळवणी कळणार कशी?

उन्हाळा आला आणि देशभर रान पेटले. ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवान्यांत या कायद्याचा धिक्कार करीत पेले उंचावले गेले. काही ठिकाणी सदस्यांचे पुतळे जाळण्यात आले. राज्यांच्या विधिमंडळांनी निषेधाचे ठराव केले. वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने याच विषयाने भरू लागले. निवृत्त जेफरसन यांनी मॉन्टिसेलोहून लिहिलेल्या पत्रात, लोकमत इतके एकमुखी झालेले आपण पूर्वी पाहिले नसल्याची नोंद केली. त्याच अधिवेशनात काँग्रेसने राष्ट्रीय बँकेला सनद दिली होती, नवे जकात धोरण ठरवले होते. देशाच्या अर्थकारणाला वळण देणाऱ्या त्या निर्णयांपेक्षा लोकांच्या डोक्यात घर केले ते पंधराशे डॉलरने.

केंटकीतील निवडणूक ऑगस्टमध्ये होती. तिथे मालमत्तेची अट नव्हती, त्यामुळे प्रत्येक प्रौढ गोऱ्या पुरुषाला मत होते. मतदान तीन दिवसांपर्यंत चाले आणि गुप्त नसे. मतदाराने अधिकाऱ्यासमोर उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारायचे. कोण आपल्याबरोबर आणि कोण उलटला, हे उमेदवाराला तिथल्या तिथे कळे. क्ले यांना आजवर मतांसाठी दारोदार फिरावे लागले नव्हते, आणि तसे फिरणे त्यांना रुचतही नसे. यावेळी मात्र त्यांच्यासमोर जॉन पोप उभे राहिले. पोप माजी सिनेटर, वक्तृत्वात क्ले यांच्या तोडीचे. लहानपणी झालेल्या अपघातात त्यांनी एक हात गमावला होता.

या एका हातावरून एक किस्सा केंटकीत पिढ्यान्पिढ्या सांगितला गेला. लेक्झिंग्टनमध्ये एक आयरिश न्हावी होता, क्ले यांचा जुना चाहता. वेतनाच्या कायद्यानंतर त्याने पोप यांना मत द्यायचे ठरवले. कारण विचारता तो म्हणे, की क्ले दोन्ही हातांनी तिजोरी उपसतील, पोप यांचा निदान एकच हात आत जाईल. किस्सा घडला तसाच असेल याची हमी नाही. परंतु मतदारांच्या मनात काय चालले होते, ते त्यातून नेमके कळते.

क्ले यांनी घोड्यावर मांड टाकली आणि मतदारसंघ पालथा घातला. सभा घेतल्या, पोप यांच्याशी एकाच व्यासपीठावर जाहीर वाद घातला. तिथे त्यांनी वकिली कसब वापरले. वेतनावर बचाव करीत बसण्याऐवजी त्यांनी पोप यांनाच कचाट्यात पकडले. जून १८१२ मध्ये युद्धाच्या घोषणेला सिनेटमध्ये पोप यांनी विरोधी मत दिले होते. त्या युद्धात जानेवारी १८१३ मध्ये रेझिन नदीकाठी केंटकीचे शेकडो जवान पडले होते. अनेक घरांत ती जखम ओली होती. केंटकीची मुले लढायला गेली तेव्हा हे गृहस्थ कुठे होते, या प्रश्नाला पोप यांच्यापाशी चांगले उत्तर नव्हते. निवडणुकीत पैशाचा प्रश्न अंगाशी आला की देशाभिमानाचा विषय काढायचा, ही युक्ती क्ले यांनी शोधली असे नव्हे. पण ती त्यांनी फार सफाईने वापरली.

दुसरा किस्सा एका वृद्ध शिकाऱ्याचा. त्याने आजवर क्ले यांनाच मत दिले होते, आता मात्र देणार नाही म्हणून सांगितले. क्ले यांनी त्याच्या बंदुकीची विचारपूस केली. बंदूक उत्तम होती, पण ऐन वेळी एकदा बार फुसका गेला होता, हे शिकाऱ्याने कबूल केले. मग ती फेकून दिलीस काय, असे क्ले यांनी विचारले. तो म्हणाला, छे, चकमक नीट करून पुन्हा नेम धरला. मग मला का फेकतोस, असे क्ले यांनी म्हणताच म्हातारा विरघळला. क्ले यांचे सारे राजकारण या गोष्टीत दिसते. समोरच्या माणसाची वस्तू त्याच्याच हातातून घ्यायची आणि तीच युक्तिवाद म्हणून परत करायची.

तथापि किश्शांनी आणि युद्धाच्या आठवणींनी भागले नाही. अखेर त्यांना मुद्द्याला हात घालावा लागला. कायद्याविषयी आपले मत काहीही असो, मतदारांना तो नको असेल तर आपण तो रद्द करण्याच्या बाजूने मत देऊ, असे वचन त्यांनी दिले. तेव्हा कुठे जागा राखली गेली. केंटकीच्या दहा प्रतिनिधींपैकी तिघेच परत आले. क्ले, जॉन्सन आणि कायद्याच्या विरोधात मत दिलेले जोसेफ डेशा. व्हर्माँटने सहाही प्रतिनिधी नवे पाठवले. प्रतिनिधिगृहात बाजूने मत दिलेल्या ८१ जणांपैकी पुन्हा निवडून आले फक्त १५. विरोधात मत दिलेल्यांतीलही कित्येक जण घरी गेले. विरोध करूनही वाढीव रक्कम खिशात घातली, हा त्यांच्यावरील ठपका होता. तो अगदीच अन्यायाचा म्हणता येणार नाही.

डिसेंबरमध्ये जुनीच काँग्रेस पुन्हा भरली. पराभूतांनी गच्च भरलेले ते सभागृह होते, कारण नव्यांची मुदत अजून सुरू व्हायची होती. कायदा मांडणारे जॉन्सन आता तो मागे घ्यावा म्हणणाऱ्या समितीचे प्रमुख होते. मतदारांचा कौल म्हणजे आज्ञा, असे त्यांनी जाहीर केले. या घाईत एक माणूस ठाम राहिला. साउथ कॅरोलायनाचे जॉन कॅलहून. आपण विचारपूर्वक मत दिले, मतदारांच्या रागाने ते चुकीचे ठरत नाही, अशी भूमिका त्यांनी सभागृहात उघडपणे घेतली. आणि नवल असे, की आपल्या मतदारसंघात कायद्याचे समर्थन करूनच ते निवडून आले होते. क्ले यांना हा मार्ग दिसत नव्हता असे नाही. त्यांनी दिलेला शब्द पाळला आणि रद्द करण्याची बाजू घेतली. ६ फेब्रुवारी १८१७ रोजी कायदा रद्द झाला. पण रद्द होणे लागू व्हायचे होते ते ती काँग्रेस संपल्यावर. म्हणजे माघार घेणाऱ्यांना आपले पंधराशे डॉलर मिळायचे ते मिळालेच.

पुढच्या काँग्रेसने जानेवारी १८१८ मध्ये रोजचा भत्ता सहावरून आठ डॉलर केला. फारशी ओरड झाली नाही. वाढ एकतृतीयांश होती आणि रोजंदारीचे जुने रूप तसेच होते, म्हणून असेल. वार्षिक वेतनाचे नाव काढायला त्यानंतर १८५६ साल उजाडावे लागले. क्ले यांचे उरलेले सारे संसदीय आयुष्य त्या आठ डॉलरांच्या काळातच गेले.

ही शिस्त लोकांना स्वस्तात पडली काय, हा प्रश्न विचारायला हवा, कारण क्ले यांच्या पुढच्या आयुष्यात त्याचे उत्तर आहे. १८१९ मध्ये आर्थिक मंदी आली आणि ते कर्जात रुतले. १८२० मध्ये त्यांनी सभापतिपद सोडले, १८२१ मध्ये काँग्रेसही सोडली आणि पैसे मिळवण्यासाठी वकिलीकडे वळले. त्यांचे मोठे अशील कोण? तीच राष्ट्रीय बँक, जिला १८१६ मध्ये त्यांच्या पाठिंब्याने सनद मिळाली होती. १८११ मध्ये याच बँकेच्या पूर्वीच्या अवताराला त्यांनी सिनेटमध्ये कडाडून विरोध केला होता. केंटकी आणि ओहायोत बँकेचे थकीत कर्ज वसूल करून देणारे वकील म्हणून त्यांनी चांगली कमाई केली आणि १८२३ मध्ये ते पुन्हा सभापतीच्या आसनावर बसले. त्यानंतर बँकेच्या बाजूने ते जे जे बोलले, ते विचाराने की जुन्या फीच्या स्मरणाने, हे विरोधकांनी आयुष्यभर विचारले. या माणसाला विकत घेतले होते असे मला वाटत नाही. बँकेवरचा त्यांचा विश्वास वकीलपत्र मिळण्याच्या आधीपासूनचा होता. पण तिजोरीतून पंधराशे डॉलर देण्यास नकार देणाऱ्या मतदारांना, त्याहून कितीतरी मोठी रक्कम दुसरीकडून येताना दिसत नव्हती, हेही खरे. वेतन उघड असते, त्यावर सभागृहात मत द्यावे लागते, म्हणून त्यावर संताप करता येतो. वकिलाच्या फीवर ८१ विरुद्ध ६७ अशी नोंद कुठे होत नाही.

आणि ज्यांना मोबदलाच नव्हता, त्यांचे काय? अॅशलँडवर राबणाऱ्या गुलामांना वेतनही नव्हते आणि मतही. गुलामगिरी हे पाप आहे असे क्ले तारुण्यापासून म्हणत आले. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसवू पाहणाऱ्या संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता, आणि ती स्थापना झाली तीही १८१६ च्याच डिसेंबरात. पण १८२९ मध्ये शार्लट डुपुई या त्यांच्या घरातील गुलाम स्त्रीने वॉशिंग्टनच्या न्यायालयात स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी दावा लावला, तेव्हा त्यांनी तो लढवला आणि जिंकला. तिला मुक्त केले ते १८४० मध्ये.

बाकीची कारकीर्द थोडक्यात सांगता येईल. १८२०-२१ मध्ये मिसुरीची तडजोड घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते चौथे आले. कोणालाच बहुमत न मिळाल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. क्ले यांनी आपले वजन जॉन क्विन्सी अॅडम्स यांच्या पारड्यात टाकले आणि अॅडम्स यांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केले. हा सौदा होता, असा आरोप अँड्र्यू जॅक्सन यांच्या समर्थकांनी केला आणि तो क्ले यांना अखेरपर्यंत चिकटला. त्यावरूनच १८२६ मध्ये जॉन रँडॉल्फ यांच्याशी त्यांचे दुसरे द्वंद्व झाले. १८३२ मध्ये जॅक्सन यांच्याकडून आणि १८४४ मध्ये जेम्स पोक यांच्याकडून ते अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरले. दुसऱ्या वेळी टेक्सासच्या विलीनीकरणावर दोन्ही डगरींवर हात ठेवल्याचा फटका बसला. १८१६ मध्ये जे जमून गेले ते देशभरच्या मतदारांपुढे जमले नाही. १८४७ मध्ये त्याच नावाचा मुलगा मेक्सिकोच्या युद्धात पडला. त्या सुमारास कर्जाने अॅशलँड जाण्याची वेळ आली, तेव्हा मित्रांनी परस्पर बँकेत पैसे भरून ते वाचवले. दात्यांची नावे त्यांना सांगण्यात आली नाहीत. कोणाच्या उपकारात आहोत हेच ठाऊक नसेल, तर कोणाचे मिंधे होण्याचाही प्रश्न नाही, असा त्यामागचा विचार असावा.

१८४९ मध्ये बहात्तराव्या वर्षी ते पुन्हा सिनेटमध्ये आले. १८५० च्या तडजोडीसाठी खोकत खोकत भाषणे केली. क्षयाने पोखरलेल्या देहाने २९ जून १८५२ रोजी वॉशिंग्टनमधील नॅशनल हॉटेलात प्राण सोडला. कॅपिटॉलच्या घुमटाखाली ज्याचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले, असे ते पहिलेच. इलिनॉयमध्ये अब्राहम लिंकन नावाच्या वकिलाने त्यांच्यावर श्रद्धांजलीचे भाषण केले. मृत्युपत्रात, १ जानेवारी १८५० नंतर आपल्या गुलामांना होणाऱ्या मुलांना ठरावीक वयानंतर मुक्त करण्याची तरतूद होती. लेक्झिंग्टनच्या दफनभूमीत उंच स्तंभाखाली ते विसावले आहेत.

वेतनाची कथा मात्र त्यांच्याबरोबर संपली नाही. १८७३ मध्ये काँग्रेसने स्वतःचे वेतन पुन्हा मागील तारखेपासून वाढवले, पुन्हा वादळ झाले आणि वर्षाच्या आत ते रद्द करावे लागले. यातून सुटण्याची वाट खरे तर फार पूर्वीच कोणीतरी दाखवली होती. काँग्रेसने केलेली वेतनवाढ मधे एक निवडणूक झाल्याखेरीज लागू होऊ नये, अशी घटनादुरुस्ती १७८९ मध्ये सुचवण्यात आली होती. सुचवणारे होते जेम्स मॅडिसन. ज्यांनी १८१६ मध्ये अध्यक्ष म्हणून त्या कायद्यावर सही केली, तेच. पुरेशा राज्यांनी संमती न दिल्याने ती दुरुस्ती तेव्हा बारगळली. १९८२ मध्ये टेक्सासमधील एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आले, की तिला मुदतच घातलेली नाही. त्याने राज्याराज्यांना पत्रे लिहायला सुरुवात केली. ७ मे १९९२ रोजी, मांडणीनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती म्हणून मंजूर मानली गेली. क्ले यांच्या केंटकीने आपली संमती दिली ती १९९६ मध्ये. नंतर जुनी दप्तरे चाळताना आढळले, की राज्याचा दर्जा मिळाल्याच्या पहिल्याच महिन्यात, जून १७९२ मध्ये, केंटकीने ही संमती दिलेलीच होती. क्ले लेक्झिंग्टनला आले तेव्हा ती पाच वर्षांची जुनी झाली होती.